‘ब्रूड’ मराठीत आणताना : खुडूक, पिलावळ आणि कुढणं

अंधेरीत वेब सिरीजची सबटायटल्स करणारे, दादरच्या प्रकाशकासाठी कादंबरी मराठीत आणणारे आणि कुक्कुटपालनाची पुस्तिका घरी बसून भाषांतरित करणारे, या सगळ्यांना इंग्रजीतला ‘ब्रूड’ कधी ना कधी अडवतो. एके ठिकाणी तो कोंबडीची पिल्लं असतो, दुसरीकडे त्या पिल्लांना दिलेली ऊब, आणि तिसरीकडे खिडकीत तासन्‌तास गप्प बसलेला माणूस. कोशात हे अर्थ स्वल्पविराम देऊन एका ओळीत लावलेले असतात. घाईत त्यातला पहिला उचलला की ‘तो त्या पत्रावर उबवत बसला’ असलं काहीतरी कागदावर उतरतं.

हा शब्द नीट हाताळायला आधी तो तसा का झाला हे कळलं पाहिजे. ते कळलं की पाठांतराची गरज उरत नाही.

आधी ऊब, मग उदासी

जुन्या इंग्रजीत ‘ब्रोड’ हे नाम होतं : एका वेळी उबवून निघालेली पिल्लं. ‘ब्रीड’, म्हणजे पैदास करणं, हा त्याचाच भाऊबंद. दोघांच्या मुळाशी ऊब आहे. ‘अंड्यांवर बसणं’ हे क्रियापद पंधराव्या शतकात आलं आणि ‘एखाद्या गोष्टीवर खिन्नपणे विचार करत राहणं’ हा अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे माणसाच्या उदास विचाराला इंग्रजीने कोंबडीची बैठक दिली.

ती बैठक डोळ्यांपुढे आणा. रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली कोंबडी हलत नाही. पिसं फुगवून, अंग पसरून, अंडी पोटाखाली घेऊन बसते. दाणापाण्यासाठी दिवसातून एखाद्या वेळी पंधरा-वीस मिनिटं उठते आणि परत येते. कोणी हात घातला तर कुरकुरते, टोचते. आता त्या जागी माणूस ठेवा : एका जागी बसलेला, खाण्यापिण्यावर लक्ष नाही, जवळ गेलं तर अंगावर येतो, आणि पोटाखाली काहीतरी धरून आहे. इंग्रजी शब्दातलं सगळं चित्र हेच.

मराठीकडे या चित्राच्या अगदी जवळचा शब्द आहे, ‘खुडूक’. अंडी देणं थांबवून बसकण मारलेली ती खुडूक कोंबडी. आणि ‘खुडूक कोंबडीसारखा काय बसलायस?’ हे माणसालाही म्हणतात. पण मराठीने विचार करण्याची क्रियापदं कोंबडीकडून घेतली नाहीत. ती इतर ठिकाणांहून आली. त्याच त्या विचाराचा ‘रवंथ’ गाईकडून आला. ‘खल करणं’ यात औषध कुटायचा खल आहे. कट मराठीत अंड्यातून बाहेर येत नाही, तो ‘शिजतो’. मनात वैर धरून ठेवणं म्हणजे ‘डूख धरणं’, आणि डूख सापाचा. प्रत्येक शब्दाचं स्वतःचं चित्र आहे, म्हणून ‘ब्रूड’च्या जागी कायमचा एकच मराठी शब्द बसत नाही. बसवायचा हट्टही धरू नये.

वाक्य हातात आलं की विचारायचे तीन प्रश्न

पहिला : बसलंय कोण? पक्षी, मधमाशी, मासा, घोडी, माणूस की ढग. कर्ता ठरला की अर्ध्याहून अधिक पर्याय गळतात.

दुसरा : कशावर? अंड्यांवर, पिल्लांवर, की एखाद्या गोष्टीवर. अंडी आणि पिल्लं यांतला फरक किरकोळ वाटतो, पण पुढे दिसेल की सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. इंग्रजीत ‘ब्रूड’नंतर ‘ओव्हर’, ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ आलं आणि कर्ता माणूस असेल तर तो मनाचाच अर्थ. ढग किंवा डोंगर असेल तर ‘ओव्हर’ म्हणजे शब्दशः ‘वर’, गावावर दाटलेला.

तिसरा : त्यातून काही निघणार आहे का? फलित अंड्यावर बसलेल्या कोंबडीखालून २१ व्या दिवशी पिल्लू निघतं. कोंबडा नसलेल्या खुराड्यातल्या अंड्यावर ती महिनाभर बसली तरी काही होत नाही. माणसाचंही तसंच. विचारातून बेत निघणार असेल तर मराठी शब्द वेगळा लागतो आणि नुसतं जळणं असेल तर वेगळा. इंग्रजी शब्द दोन्ही झाकून घेतो, मराठीत तुम्हाला बाजू घ्यावी लागते.

नाम म्हणून : किती पिल्लं, कोणाची, आणि बोलणाऱ्याचा सूर

पक्ष्यांच्या बाबतीत मूळ अर्थ ‘एका उबवणीत निघालेली पिल्लं’. वाक्यात आकडा दिला असेल तर समूहाचा शब्द सोडून द्या. ‘बदकीच्या मागे तिची सात पिल्लं’ हे पुरेसं आहे, ‘सात पिल्लांचा समूह’ लिहिल्याने वाक्य सरकारी होतं. आकडा नसेल आणि ‘या वर्षातली दुसरी ब्रूड’ असं काही असेल तेव्हा ‘दुसरी खेप’ किंवा ‘दुसऱ्या उबवणीची पिल्लं’ वापरा. ‘वेत’ इथे चालत नाही. वेत गाय, म्हैस, शेळी अशा विणाऱ्या जनावराचं असतं. कोंबडी वीत नाही.

इंग्रजी लेखक सैल हाताने प्राण्यांच्या पिल्लांनाही ‘ब्रूड’ म्हणतात. तिथे मराठीत जनावर ओळखून नाव द्यावं लागतं, कारण आपल्याकडे नुसतं ‘पिल्लू’ सगळीकडे चालत नाही. गाईचं वासरू, त्यातही मादी कालवड आणि नर गोऱ्हा. म्हशीचं रेडकू किंवा पारडू. शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू. ही दोन नावं शहरात सर्रास उलटीपालटी होतात. घोडीचं शिंगरू, हरणाचं पाडस. वाघाचा आणि बिबट्याचा बछडा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची बातमी असेल तर वाचकाला तोच शब्द अपेक्षित असतो. छावा सिंहाचा किंवा हत्तीचा, आणि त्याला पराक्रमाचा वास आहे, म्हणून प्राणिशास्त्राच्या मजकुरात जपून. कोंबडीचं पिल्लू मोठं होऊन अंड्यावर यायच्या बेतात आलं की ती तलंग. हा शब्द मुंबईत विसरला जातोय, पण ‘तरुण कोंबडी’ लिहिण्यापेक्षा तो कितीतरी चांगला आहे.

खरी कसोटी माणसाच्या मुलांना ‘ब्रूड’ म्हटलेलं असतं तेव्हा लागते. इंग्रजी शब्द प्रेमाने, थट्टेने किंवा तुच्छतेने, कसाही येतो. मराठीत सुरानुसार शब्द बदलतो :

‘चिल्लीपिल्ली’ लाडाने. ‘कच्चीबच्ची’ म्हटलं की त्यात जबाबदारी आणि थोडी कणव येते : ‘घरात कच्चीबच्ची आहेत, नोकरी कशी सोडू?’ ‘पोरवडा’ म्हणजे मुलं फार झाली, खायला घालताना नाकी नऊ आले. ‘लेंढार’ वैतागलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द, मागे लागलेली रांग दाखवणारा. आणि ‘पिलावळ’ म्हणजे सरळ तुच्छता. ती मुलांपेक्षा एखाद्याच्या पाठीराख्यांसाठी जास्त वापरली जाते, ‘त्याची सगळी पिलावळ आली होती’.

आजी नातवंडांकडे कौतुकाने बघत ‘माय ब्रूड’ म्हणत असेल आणि तुम्ही ‘माझी पिलावळ’ लिहिलंत, तर एका शब्दाने आजीचा स्वभाव बदलला. तिथे ‘माझी चिल्लीपिल्ली’ किंवा नुसतं ‘माझी पोरं’. भाषणात विरोधकांच्या गोतावळ्याला उद्देशून तोच इंग्रजी शब्द आला, तर मात्र ‘पिलावळ’ नेमका बसतो. असा नेमकेपणा इंग्रजीतही नाही.

कुक्कुटपालन : इथे चूक झाली तर पिल्लं मरतात

कादंबरीत चुकलं तर वाचक नाक मुरडतो. पोल्ट्रीच्या पुस्तिकेत चुकलं तर नुकसान खरं असतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

इंग्रजी पुस्तिकेत दोन टप्पे असतात. ‘इन्क्युबेशन’ म्हणजे अंडी उबवणं, पिल्लू बाहेर येईपर्यंत. ‘ब्रूडिंग’ म्हणजे पिल्लू बाहेर आल्यानंतर, अंगावर पुरती पिसं येईपर्यंत त्याला बाहेरून ऊब देणं. सामान्य इंग्रजीत ‘ब्रूड’चा अर्थ अंड्यांवर बसणं असाही असल्याने भाषांतरकार दुसऱ्या टप्प्यालाही ‘उबवणी’ लिहून मोकळा होतो. मग ‘उबवणीचं तापमान’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळे आकडे येतात.

ते आकडे असे. पंखा असलेल्या उबवणी यंत्रात कोंबडीच्या अंड्यांना साधारण ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस लागतं, १८ व्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची असतात आणि २१ व्या दिवशी पिल्लं निघतात. बदकाच्या अंड्यांना २८ दिवस. पिल्लांच्या ब्रूडिंगमध्ये पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण ३५ अंश ठेवायचं आणि दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी उतरवत खोलीच्या तापमानावर आणायचं. अंडी ३५ अंशांवर ठेवली तर गर्भाची वाढ रेंगाळते, पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात किंवा कवचातच मरतात. उलट, दिव्याखाली पिल्लांना उबवणी यंत्राइतकी उष्णता दिली तर ती चोच उघडून धापा टाकतात, पाण्यावाचून सुकतात.

म्हणून ठरवून टाका : ‘इन्क्युबेशन’ला ‘अंडी उबवणं’, ‘ब्रूडिंग’ला ‘पिल्लांना कृत्रिम ऊब देणं’, आणि ‘ब्रूडर’ या साधनाला ‘ब्रूडर’च. शेतकरी तोच शब्द वापरतात. काही पुस्तिकांत ‘कृत्रिम दाई’ असतो, तो फार सुंदर आहे. पहिल्यांदा येईल तिथे दोन्ही द्या, पुढे ब्रूडर.

सूचनांमध्ये येणारी बाकीची शब्दावलीही धंद्यातली ठेवा. जमिनीवर दोन-तीन इंच तुसाची गादी, पहिले काही दिवस तिच्यावर कागद. पिल्लं पांगू नयेत म्हणून पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल कडा, कोपरे न ठेवता, कारण कोपऱ्यात ती एकमेकांवर चढून गुदमरतात. बल्बचा हिशेब दर पिल्लामागे साधारण २ वॅट. मुंबईत मे महिन्यात दिवसा एवढी गरज पडत नाही, पावसाळ्याच्या रात्री मात्र पडते. ‘पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळाली तर उष्णता जास्त, एकाच बाजूला दाटली तर वाऱ्याचा झोत, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक’ ही वाक्यं जशीच्या तशी साधी ठेवा. पोल्ट्रीवाला थर्मामीटरच्या आधी पिल्लांकडे बघतो.

‘ब्रूडी हेन’ म्हणजे खुडूक कोंबडी. इथे एक फरक सांभाळायचा. व्यापारी अंडी-उत्पादनात खुडूक होणं हा दोष, कारण अंडी थांबतात. लेगहॉर्नसारख्या जातींत निवड करकरून ही प्रवृत्ती जवळजवळ काढून टाकली आहे. परसातल्या देशी कोंबडीत तोच गुण, कारण तीच दहा-बारा अंडी उबवून पिल्लं वाढवते. पहिल्या संदर्भात ‘कोंबडी खुडूक झाली’, दुसऱ्या संदर्भात ‘कोंबडी रवणीला बसली’ किंवा ‘अंड्यांवर बसवली’. कोकणातल्या वाचकासाठी ‘रवण’ हा शब्द घरचा आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी एकदा सांगून मग वापरावा.

राणीच्या बागेतल्या पेंग्विनांच्या बातम्यांतही हाच घोटाळा होऊ शकतो. हम्बोल्ट पेंग्विनचं अंडं साधारण ४० दिवस उबवलं जातं, आणि पिल्लू निघाल्यावर नर-मादी आळीपाळीने त्याला पोटाखाली ऊब देतात. परदेशी प्राणिसंग्रहालयाच्या मजकुरात या दुसऱ्या काळाला ‘ब्रूडिंग’ म्हटलेलं असेल तर ‘अंडं उबवत आहेत’ लिहू नका. अंडं केव्हाच फुटलेलं असतं. आणि ‘ब्रूड पॅच’साठी पारिभाषिक शब्द शोधत बसू नका. ‘पोटावरची पिसं नसलेली जागा, जिथून अंड्याला थेट अंगाची ऊब मिळते’ एवढं सांगितलं की कळतं.

मधमाशी, मासा, घोडी, कोकीळ

मधमाशीच्या मजकुरात ‘ब्रूड’ म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, तिन्ही मिळून. ‘पिल्लं’ लिहिलं तर वाचकाला छोट्या उडणाऱ्या माश्या वाटतात, आणि तशा त्या नसतातच. कोषातून बाहेर येणारी माशी पूर्ण वाढलेलीच असते. युरोपियन मधमाशीच्या कामकरीणीला अंड्यापासून माशी व्हायला २१ दिवस लागतात, राणीला १६, नराला २४. या काळात माश्या पोळ्याचा मधला भाग ३४-३५ अंशांवर राखतात, म्हणजे इथेही शब्दाच्या मुळाशी ऊबच आहे. पेटीच्या खालच्या कप्प्याला मधपाळ ‘ब्रूड चेंबर’ म्हणतात, ते तसंच ठेवून कंसात ‘अंडी-अळ्यांचा कप्पा’ द्या. ‘फाउल ब्रूड’ हे रोगाचं नाव आहे, अळ्या कुजवणारा जीवाणूजन्य रोग. त्याचं ‘वाईट पिल्लं’ करू नका. ‘सॅकब्रूड’ हा विषाणूचा रोग वेगळा, आणि सातेरी, म्हणजे आपल्या देशी, मधमाश्यांच्या वसाहती त्याने उद्ध्वस्त झाल्या आहेत. दोघांची नावं एकमेकांच्या जागी गेली तर उपाय चुकतो.

मत्स्यशेतीत ‘ब्रूड स्टॉक’ म्हणजे पिल्लं तर नव्हेतच. उलट ते आईबाप. बीज तयार करण्यासाठी निवडून वाढवलेले मोठे मासे, म्हणून ‘प्रजनक मासे’. त्यांच्यापासून मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग बोटुकली, अशी मराठीत सुरेख चढती भाजणी आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून या शहरात आहे, आणि राज्याच्या मत्स्यविभागाच्या मराठी पत्रकांत हे शब्द रुळलेले आहेत. ‘फिंगरलिंग’ लिहायची काहीच गरज नाही.

महालक्ष्मीच्या शर्यतींवर लिहिताना ‘ब्रूडमेअर’ आली तर ‘पैदाशीची घोडी’. उदास घोडी नव्हे, हे सांगावं लागतं, कारण ‘ब्रूडिंग मेअर’ वाचून तसं झालेलं असतं.

‘ब्रूड पॅरासाइट’ मुंबईकराच्या खिडकीबाहेरच आहे. उन्हाळ्यात कावळ्यांची घरटी बांधून होतात त्याच सुमाराला कोकीळ ओरडू लागतो. ओरडणारा काळा नर. अंडं घालणारी ठिपक्याठिपक्यांची मादी. तिचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या दोन-तीन दिवस आधी निघतं आणि खाऊ त्याला आधी मिळतो. मराठीत ‘दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी’ असं सरळ लिहा. शास्त्रीय लेखात एकदा पारिभाषिक शब्द देऊन पुढे तो वापरता येईल.

एक खास सापळा अमेरिकेतल्या सिकाडा या कर्कश आवाज करणाऱ्या कीटकांचा. तिथे १३ आणि १७ वर्षांनी जमिनीतून बाहेर येणाऱ्या सिकाडांच्या तुकड्यांना ‘ब्रूड’ म्हणतात आणि त्यांना रोमन आकडे आहेत. २०२१ साली आलेल्या ‘ब्रूड टेन’चा आकडा इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखा दिसतो, आणि घाईतला माणूस ‘ब्रूड एक्स’ लिहून त्याला गूढ कथानक करून टाकतो. तो दहा आहे. २०२४ साली तेरावी (१७ वर्षांची) आणि एकोणिसावी (१३ वर्षांची) एकाच उन्हाळ्यात आल्या. १३ गुणिले १७ म्हणजे २२१ वर्षांनी हा योग येतो, आधीचा १८०३ चा. इथे ‘पिल्लं’, ‘पिढी’, ‘वंश’ काहीच बसत नाही. एका तुकडीत अनेक जाती असतात, एका आईची लेकरं नसतात. ‘दहावी खेप’ चांगलं बसतं. आणि सिकाडाला ‘रातकिडा’ करू नका, ‘टोळ’ही नाही; दोन्ही वेगळे कीटक आहेत.

माणसाचं मन : सगळ्यात नाजूक जागा

इथे तिसरा प्रश्न पुन्हा घ्या : त्यातून काही निघणार आहे का? आणि त्याच्या जोडीला, मनात धरलंय काय? दुःख, अपमान, काळजी की बेत.

दुःख किंवा अन्याय मनात धरून, कोणाला न सांगता जळणं, याला ‘कुढणं’. ‘ब्रूड’च्या मनाच्या अर्थाला मराठीतला सगळ्यात जवळचा शब्द हाच. पण त्यात अबोलपणा गृहीत आहे. पात्र बडबड करत असेल तर कुढणं नाही. बाहेर पडलेलं कुढणं म्हणजे ‘कुरकुर’ किंवा ‘रडगाणं’, तो वेगळा माणूस.

‘झुरणं’ला समोर कोणी तरी हवं, न मिळालेलं किंवा दुरावलेलं. नोकरी गेल्यावर माणूस झुरत नाही, कुढतो. मुलगा परदेशी गेल्यावर आई झुरते.

अपमान धरून ठेवला आणि सूड मनात असेल तर ‘डूख धरणं’. बेत पिकत असेल तर ‘मनात घोळवणं’, पुढे ‘शिजणं’. यांत उदासी कमी, हालचाल जास्त.

त्याच त्या गोष्टीकडे मन पुन्हा पुन्हा जात असेल तर ‘रवंथ’. समुपदेशनाच्या मजकुरात येणाऱ्या ‘रुमिनेशन’लाही तो जवळचा आहे, पण पेशंटसाठी लिहिताना ‘तेच तेच विचार मनात येत राहणं’ अधिक बरं. ‘रवंथ’मध्ये किंचित टोचणी आहे, आणि त्रासात असलेल्या माणसाला टोचू नये.

‘विचारात गढणं’, ‘तंद्री लागणं’ यांत खिन्नता नाही. मूळ वाक्यात दुःखाची छटा असेल तर हे शब्द फिके पडतात. ‘चिंतन करणं’ तर नकोच. त्याने दारू पिऊन खिडकीशी बसलेला नायक एकदम प्रवचनकार होतो. ‘रुसणं’ आणि ‘फुगून बसणं’ लहान मुलांचं किंवा लाडातलं, समोरच्याने मनवावं या अपेक्षेने केलेलं. कुढणाऱ्याला कोणी मनवायला आलेलं नको असतं.

संवाद लिहिताना नातं बघा. त्याच इंग्रजी वाक्याचं आई मुलाला म्हणेल, ‘अरे, किती दिवस त्याच गोष्टीवर कुढत बसणार आहेस?’ जुन्या वळणाची बायको नवऱ्याला, ‘अहो, झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका.’ कॉलेजातला मित्र, ‘सोड ना यार, किती तेच तेच डोक्यात घेऊन बसशील!’ तिन्हींत ‘ब्रूड’ आहे, पण क्रियापद तेच ठेवण्याचा आग्रह धरला तर दोघे तरी कृत्रिम बोलतील.

‘ब्रूडिंग’ विशेषण म्हणून आलं की ओटीटीच्या जाहिरातीतला मजकूर समोर येतो. ‘अ ब्रूडिंग डिटेक्टिव्ह’ म्हणजे ‘घुम्या डिटेक्टिव्ह’, किंवा भूतकाळ महत्त्वाचा असेल तर ‘जुनी जखम मनात घेऊन फिरणारा’. ‘घुम्या’त कधी कधी लबाडी ऐकू येते, नायकासाठी वापरताना आजूबाजूचं वाक्य ती पुसेल असं बघा. ‘ब्रूडिंग थ्रिलर’ला ‘उदास थ्रिलर’ म्हटलं तर कोणी बघणार नाही. ‘मनावर दाटून येणारी’ किंवा ‘काळोखी’ बरं. आकाश, डोंगर, वाडा यांना हे विशेषण लागलं की ‘दाटणं’, ‘ओथंबणं’, ‘दबा धरणं’ यांच्याकडे जा : ‘आभाळ दाटून आलं होतं’, ‘गावावर दबा धरून बसलेला डोंगर’. शांततेला ‘कोंदलेली’.

एक अर्थ हमखास उलटा जातो. ब्रिटिश बोलीत बाई म्हणते ‘आय ॲम फीलिंग ब्रूडी’. तिला उदास वाटत नसतं, तिला मूल हवंसं वाटत असतं. कोंबडी अंड्यावर बसायला उत्सुक होते त्यावरून ते आलं. ‘बाळाची ओढ लागलीय’ किंवा ‘आता एक मूल हवं असं फार वाटायला लागलंय’. याचं ‘मला खिन्न वाटतंय’ झालं तर पुढचा अख्खा प्रसंग कळत नाही.

तपासायचं कुठे, मोजायचं कसं

नायगाव, दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. तिथे अर्धा दिवस बसायची तयारी ठेवा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती उलट दिशेने वापरा : ‘खुडूक’, ‘कुढणं’, ‘पिलावळ’, ‘घुमा’ असे आपले शब्द काढून इंग्रजीत त्यांना काय दिलंय ते बघा. इंग्रजीवरून मराठीकडे गेलात तर कोशकाराने सुचवलेले चार पर्याय मिळतात. उलट गेलात तर आपल्या शब्दांच्या कडा कुठे आहेत ते दिसतं. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड (१९३२ ते १९३८) बोलींतल्या रूपांसाठी आणि वाक्प्रचारांसाठी. शास्त्रीय मजकुराला भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, पण तिथला शब्द उचलण्याआधी तो त्या धंद्यातला माणूस वापरतो का हे एकाला तरी विचारा. पशुपक्ष्यांच्या बाबतीत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येतं, आणि महात्मा फुले मंडईतला कोंबडीवालाही कोशापेक्षा कमी जाणत नाही.

सबटायटलसाठी लांबीही बघावी लागते. एका ओळीत साधारण ४२ चिन्हं, जास्तीत जास्त दोन ओळी, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, आणि सॉफ्टवेअर मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्तही वेगळा मोजतं. ‘आतल्या आत कुढतोय’ १६ चिन्हांत बसतं. ‘तो खिन्न मनाने सतत त्याच विषयाचा विचार करीत आहे’ एका ओळीत मावत नाही, आणि मावलं असतं तरी पडद्यावरचा नट एक शब्द बोलून गप्प झालेला असतो.

शेवटी सगळ्यात अवघड प्रकार : एकाच वाक्यात दोन्ही अर्थ मुद्दाम खेळवलेले. एक विधवा आपल्या ‘ब्रूड’वर ‘ब्रूड’ करत बसली, असं काही. कोंबडीचं चित्र धरून ‘पिल्लांवर खुडूक बसली’ केलं तर मराठीत ती बाई हास्यास्पद होते, आणि मूळ वाक्यात हसू नाही. श्लेष सोडून ‘मुलांच्या काळजीने ती कुढत बसली’ हे बरोबर आहे, पण ऊब गेली. अशा वेळी शब्द सोडून शरीराकडे बघावं. कोंबडीचं पोट जिथे आहे तिथे मराठीत ‘उर’ आहे. मूलही उराशी धरतात आणि दुःखही, आणि दोन्हींना क्रियापद एकच. ‘पोरं आणि काळजी, दोन्ही उराशी धरून ती रात्रभर बसून राहिली.’